शार्कला लांब ठेवणारा पट्टा: किती खरा, किती कामाचा?

मालवणात मोरी, म्हणजे शार्क, म्हटलं की आधी कालवण आठवतं. बाजारात मुशीचे, म्हणजे छोट्या शार्कचे, वाटे लागतात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खाऊ घालतात, आणि एखाद्या जुन्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, शार्कच्या भीतीबद्दल विचारलंत तर तो हसून म्हणेल, "मोरी आमका खाता? आमीच तिका खातंव!"

पण आता किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हायला सर्फिंगचा बोर्ड घेऊन उतरणारी पोरं दिसतात. कोणी गोव्यात शिकून आलेलं असतं, कोणी कर्नाटकात मुळकीला जाऊन. त्यांच्या फोनवर ऑस्ट्रेलियातले, दक्षिण आफ्रिकेतले व्हिडिओ येतात आणि त्यांच्या मागोमाग जाहिराती: मनगटाला चुंबकाचा पट्टा बांधा, बोर्डाला हे यंत्र बसवा, बोर्डावर हे मेण फासा, शार्क फिरकणार नाही. पोरं विचारतात, घ्यावं का? त्यांच्या आया त्याहून जास्त वेळा विचारतात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. या वस्तूंपैकी बहुतेकांचा उपयोग चाचणीत दिसलेला नाही. विजेच्या स्पंदनांवर चालणाऱ्या एका यंत्राचा उपयोग होतो, पण तोही अर्धामुर्धा आणि अगदी जवळच्या अंतरावर. आणि कोकणच्या पाण्यात उतरणाऱ्याच्या जिवाला जे धोके आहेत, त्यांतल्या एकाही मोठ्या धोक्यावर हे यंत्र चालत नाही. हे असं का, ते समजून घ्यायला मात्र थोडं खोल पाण्यात जावं लागेल.

"काहीच झालं नाही" हा पुरावा कसा होईल?

अशा वस्तूंची स्तुती करणारे साधारण एकच गोष्ट सांगतात: इतकी वर्षं पट्टा घालतोय, एकदाही शार्क जवळ आला नाही. तो माणूस खोटं बोलत नाही. पण त्याच वर्षांत त्याच लाटांवर पट्ट्याशिवाय खेळणाऱ्या त्याच्या मित्राजवळही शार्क आलेला नसतो. जी गोष्ट एरवीही घडतच नाही, ती घडली नाही याचं श्रेय कोणाला द्यायचं?

जगभरातल्या शार्कच्या चाव्यांची नोंद अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका संग्रहालयात ठेवली जाते. माणसाने डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या घटना २०२३ मध्ये ६९ होत्या, त्यांत १० जण दगावले. २०२४ मध्ये घटना ४७ आणि मृत्यू ४. सगळ्या समुद्रांचे, सगळ्या देशांचे मिळून हे आकडे. आता समजा, २०२३ च्या डिसेंबरात एखाद्या कंपनीने किनाऱ्या-किनाऱ्यावर ताईत वाटले असते. पुढच्या वर्षअखेर तिने छाती ठोकून सांगितलं असतं की आमच्या ताईतामुळे चावे जवळजवळ एक तृतीयांशाने घटले! आकडे इतके लहान असले की ते आपोआपच वरखाली होतात. त्यामुळे सर्फरांना यंत्रं वाटून, वाट बघत बसून काही कळत नाही.

मग एकच मार्ग उरतो. जिथे शार्क नक्की येतो तिथे जायचं, आमिष लावायचं, आणि तोच प्रयोग यंत्रासह आणि यंत्राशिवाय पुन्हा पुन्हा करायचा. यंत्राशिवायचे प्रयोग इथे सगळ्यांत महत्त्वाचे. ते नसतील तर कितीही सुंदर व्हिडिओ दाखवा, त्याला अर्थ नाही. यंत्र लावलं आणि शार्क वळून गेला, असा व्हिडिओ कोणालाही काढता येतो. शार्क यंत्र नसतानाही बरेचदा वळून जातो.

मुशीच्या नाकाडावरची छिद्रं

हा सगळा धंदा शार्कच्या एका विलक्षण इंद्रियावर उभा आहे, आणि ते इंद्रिय कोकणातल्या कितीतरी बायकांनी रोज हाताळलेलं आहे. मुशी साफ करताना तिच्या नाकाडावर आणि जबड्याखाली सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात. दाबलं तर त्यातून पारदर्शक, बुळबुळीत रस येतो. पाकटालाही अशी छिद्रं असतात. इटलीतल्या स्तेफानो लोरेन्झिनी या वैद्याने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून शास्त्रात ती त्याच्या नावाने ओळखली जातात. ती कशासाठी आहेत, हे मात्र विसाव्या शतकात उलगडलं.

प्रत्येक जिवंत प्राण्याचं हृदय धडधडतं, स्नायू आखडतात, कल्ले हलतात, आणि त्यातून अगदी क्षीण वीज आजूबाजूच्या पाण्यात पसरते. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक. छिद्रांतला तो रस ही वीज आतल्या संवेदनशील पेशींपर्यंत पोचवतो. शार्कला किती सूक्ष्म वीज कळते? एका सेंटीमीटरच्या अंतरात व्होल्टच्या काही अब्जांश भागांचा फरक पडला तरी पुरतो. वाळूत अंग पुरून, हालचाल न करता बसलेला लेप मासा शार्क याच इंद्रियाने शोधून काढतो, डोळ्यांचा किंवा नाकाचा उपयोग नसताना.

इथे एक गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. हे इंद्रिय जवळचं आहे. लांबून शार्क येतो तो आवाज, पाण्यातली थरथर, वास आणि नजर यांच्या भरवशावर. विजेचं इंद्रिय कामाला लागतं ते शेवटच्या हातभर, फार तर वावभर अंतरात, घास घेण्याच्या आधी. त्यामुळे याच इंद्रियाला त्रास देणारं यंत्र कितीही चांगलं बनवलं तरी ते शार्कला किनाऱ्यापासून हाकलणार नाही, अगदी शेवटच्या क्षणी त्याचं मन बदलू शकेल, एवढंच.

यंत्राची रचना साधी असते: एक बॅटरी, दोन विद्युतवाहक पट्ट्या, आणि त्यांच्यामधून पाण्यात थोड्या थोड्या वेळाने सोडलेली विजेची स्पंदनं. आपल्याला ती फार तर मुंग्या आल्यासारखी जाणवतात. शार्कच्या त्या नाजूक छिद्रांना मात्र ती असह्य होतात, जसं काळोखात चालणाऱ्याच्या डोळ्यांवर कोणी एकदम बॅटरीचा झोत मारावा. त्याला इजा होत नाही, पण तो दचकून तोंड फिरवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात किनाऱ्यांच्या शार्कसुरक्षेसाठी एक सरकारी मंडळ आहे. तिथे १९९०च्या दशकात अशी यंत्रं विकसित झाली आणि तेच तंत्र पुढे ऑस्ट्रेलियात व्यवसायाने वाढवलं गेलं.

पाच वस्तू, ४४ शार्क

आता मुख्य चाचणी. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या चार्ली हुव्हेनिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ ती केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही बेटं म्हणजे मोठ्या पांढऱ्या शार्कची हमखास जागा. बोर्डासारख्या फळीखाली माशाचं आमिष टांगलं, आणि पाळीपाळीने पाच वस्तू लावून बघितल्या. बोर्डाला बसवायचं 'फ्रीडम प्लस सर्फ' हे विजेचं यंत्र, 'आरपेला' हे विजेचंच दुसरं यंत्र, 'शार्कबँझ' कंपनीचा चुंबकाचा मनगटी पट्टा, त्याच कंपनीचा बोर्ड पायाला बांधण्याचा चुंबकवाला दोर, आणि 'चिलॅक्स वॅक्स' हे वासाचं मेण. शिवाय काहीच न लावलेला बोर्ड. एकूण २९७ प्रयोग, त्यांत वेगवेगळे ४४ शार्क.

काही न लावलेल्या बोर्डाखालचं आमिष १०० पैकी ९६ वेळा शार्कने पळवलं. 'फ्रीडम प्लस सर्फ' चालू असताना हेच प्रमाण ४० वर आलं. शार्क एरवी सरासरी १.६ मीटरपर्यंत येत होते, ते २.६ मीटरवर थांबायला लागले. बाकी चार वस्तूंमुळे नाव घेण्याजोगा फरक पडला नाही.

त्या मेणात निलगिरी, लवंग, मिरची असे उग्र पदार्थ असतात. कल्पना अशी की वासाने शार्क वैतागेल. मालवणी घरात लवंग आणि मिरची मोरीला लागते ती कधी, हे सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या शार्कलाही त्या मसाल्याने फारसं काही वाटलं नाही.

'आरपेला'च्या बाबतीत न्यायाने सांगायला हवं की चाचणी त्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीची होती. कंपनीने नंतर ते बदललं आणि पुढच्या आवृत्तीची कामगिरी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सुधारलेली दिसली. म्हणजे तत्त्व तेच असूनही वीज किती, स्पंदनं किती वेळाने, पट्ट्या किती अंतरावर, यावर सगळं ठरतं. "विजेवर चालतं" एवढं डब्यावर वाचून वस्तू घेण्यात अर्थ नाही.

चुंबकाचा पट्टा का चालत नाही

सगळ्यांत जास्त विचारणा या पट्ट्याची होते, कारण तो स्वस्त, दिसायला छान, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. म्हणून त्याचं गणित एकदा मांडून बघू.

चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झालं की जोर आठपट कमी, तिप्पट झालं की सत्तावीसपट कमी. मनगटापासून दहा सेंटीमीटरवर जो जोर असेल, तो एक मीटरवर हजारपट कमी होतो. पट्ट्यातल्या चुंबकाचा प्रभाव हातभर अंतरावरच पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वापेक्षा कमी भरतो, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात तर शार्क जन्मापासून पोहतोच आहे. सर्फर लाटेची वाट बघत बोर्डावर बसतो तेव्हा त्याचे पाय पाण्यात लोंबत असतात. पट्टा हातात, पाय खाली, आणि मध्ये मीटरभर अंतर. शार्क अगदी तळव्याशी आला तरी मनगटावरच्या पट्ट्याचा त्याला पत्ता लागायचा नाही.

एखादा शांत, कुतूहलाने हळूहळू हुंगत येणारा छोटा शार्क चुंबकाला नाक लागल्यावर मागे सरकतो, हे खरं आहे. प्रयोगशाळेच्या टाकीत तसं दिसतंही, आणि जाहिरातीतला व्हिडिओ बहुधा अशाच भेटीचा असतो. पण माणसाला गंभीर जखम करणारा शार्क मोठा असतो आणि वेगात येतो.

९६ वरून ४० म्हणजे नक्की काय?

उत्साही माणूस म्हणेल, धोका निम्म्याहून कमी झाला! घाबरट म्हणेल, यंत्र चालू असूनही दहातले चार शार्क आमिष घेऊन गेले! दोघंही बरोबर आहेत, आणि दोघांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हा प्रयोग सर्फरवर झालेला नाही, माशाच्या तुकड्यावर झालेला आहे. शार्कला वासाने बोलावलेलं होतं, तो खायच्या तयारीने आलेला होता. खऱ्या लाटेवर तो बरेचदा नुसता चौकशीला येतो, आणि माणसाची चव ही त्याची आवड नाही. त्यामुळे प्रत्यक्षात यंत्र याहून बरंही चालत असेल. उलट, खालून बाण सुटावा तसा वर येणारा शार्क शेवटच्या मीटरभरात किती थांबणार, हाही प्रश्न आहे.

या दुसऱ्या प्रश्नावर एक जुना प्रयोग आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'फ्रीडम प्लस सर्फ'च्याच कंपनीचं आधीचं यंत्र सील या समुद्री प्राण्याच्या आकाराच्या खोट्या बाहुलीला बांधून दक्षिण आफ्रिकेत बोटीमागून ओढलं. यंत्र बंद असताना शार्कने १६ वेळा पाण्याबाहेर झेप घेऊन आणि २७ वेळा पृष्ठभागावर हल्ला केला. यंत्र चालू असताना झेप एकही नाही आणि पृष्ठभागावरच्या घटना दोनच. ऐकायला फारच छान. पण त्याच अभ्यासात, जागच्या जागी टांगलेलं आमिष यंत्र चालू असतानाही जवळजवळ तितक्याच वेळा खाल्लं गेलं. शार्कने फक्त जास्त वेळ लावला. आणि सगळे शार्क सारखे वागले नाहीत. काही बुजरे होते, काही निर्ढावलेले.

निर्ढावण्याचीही मोजणी झाली आहे. २०१६ च्या एका अभ्यासात दक्षिण आफ्रिकेत मोसेल बेला पाण्याखाली कॅमेरे लावून बघितलं. पहिल्या भेटीत पांढरा शार्क या यंत्रापासून सरासरी १३१ सेंटीमीटरवर थांबला. तोच शार्क पुन्हा पुन्हा आला तेव्हा दर खेपेला सुमारे १२ सेंटीमीटर पुढे सरकत गेला. म्हणजे आधीच लहान असलेलं वर्तुळ, आणि तेही आक्रसणारं.

सव्वा मीटरचं वर्तुळ आणि सहा फुटी बोर्ड, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. बोर्डाच्या बुडाला चिकटवलेल्या पट्ट्या पाण्यात असतात तोवर त्यांच्याभोवतीचा भाग झाकलेला. लाट पकडून बोर्ड वर उचलला गेला की पट्ट्यांचा काही भाग पाण्याबाहेर. आणि आपण पडलो की? बोर्ड पायाच्या दोरीच्या टोकाला, आपण दुसऱ्या टोकाला, मध्ये बोर्डाएवढं लांब अंतर. नवशिका तर लाटेवर उभा कमी राहतो, पडतो जास्त.

इतकं सगळं असूनही मी हे यंत्र कुचकामी म्हणणार नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: देशात पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने असं यंत्र वापरलं आणि त्याने धोका साठ टक्क्यांनी कमी केला असं धरलं, तर २०६६ पर्यंत १,०६३ जणांना शार्कचा चावा टळेल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तर २०१७ पासून अशा यंत्राच्या खरेदीवर २०० डॉलरची सवलत दिली. जिथे धोका खरा आहे तिथे अर्धं संरक्षणसुद्धा मोलाचं असतं. पण त्या हिशेबात देशातला प्रत्येक माणूस आणि चाळीसहून जास्त वर्षं धरलेली आहेत, हेही बघा. एका माणसाच्या वाट्याला येणारा फायदा त्यातून किती उरतो, ते तुम्हीच काढा.

दिवे, पट्टे, रसायनं

बाकीच्या कल्पना थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने बुडालेल्या खलाशांसाठी तांब्याचा एक क्षार आणि काळा रंग मिसळून वडी बनवली होती. त्या कामात पुढे पाककलेसाठी प्रसिद्ध झालेल्या ज्युलिया चाइल्ड यांचाही हात होता. खलाशांना धीर मिळाला, शार्कवर मात्र भरवशाचा परिणाम दिसला नाही. झेब्र्यासारख्या पट्ट्यांचे पोशाख बाजारात आहेत. शार्कच्या बऱ्याच जातींना रंग ओळखता येत नाहीत, काळं-पांढरं मात्र उठून दिसतं, त्यामुळे असा पोशाख शार्कला दूर ठेवेल की त्याचं लक्ष वेधेल, यावर वाद घालता येतो. मला आशा वाटते ती दिव्यांची. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सीलच्या खोट्या आकृतीच्या पोटाला उजळ दिवे लावले, आणि खालून बघणाऱ्या पांढऱ्या शार्कने तिच्यावर हल्ले करणं थांबवलं. वरच्या उजेडात काळी सावलीच दिसेनाशी होते, म्हणजे भक्ष्य ओळखूच येत नाही. पण हे स्वच्छ पाण्यात. आपल्याकडे पावसाळ्यानंतरही कितीतरी दिवस पाणी इतकं गढूळ असतं की कमरेइतक्या पाण्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत.

आता आपल्या पाण्यात

वर ज्या शार्कवर चाचण्या झाल्या तो मोठा पांढरा शार्क थंड पाण्याचा प्राणी. कोकणच्या जाळ्यांत येते ती बहुतांश छोटी मुशी, जेमतेम हातभर, जी कोळंबी आणि बारीक मासळी खाऊन राहते. हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी येते, अधूनमधून खोल समुद्रातून मोठी मोरी येते. माणसाला गंभीर इजा करू शकेल आणि किनाऱ्यालगत, खाडीत, गोड्या पाण्यापर्यंत येऊ शकेल असा शार्क म्हणजे बुल शार्क. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्कने गंभीर जखमी केलं. तो बुल शार्क असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे कोकणात असं घडतच नाही, असं म्हणता येणार नाही. पण त्या घटनेची एवढी बातमी झाली, ती ती किती विरळा होती म्हणूनच.

बुल शार्कवर ही यंत्रं चालतात का? न्यू कॅलेडोनियात चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. तेच 'फ्रीडम प्लस सर्फ' सगळ्यांत पुढे, पण आमिष खाण्याचं प्रमाण त्याने सुमारे ४२ टक्क्यांनीच घटलं. बाकीची विजेची यंत्रं त्याहून बरीच मागे. म्हणजे पांढऱ्या शार्कवर जेवढा परिणाम दिसला होता, तेवढाही इथे नाही.

हिंदी महासागरातलंच रीयुनियन बेट बघा. तिथे २०११ पासून बुल शार्कचे जीवघेणे हल्ले वाढले आणि २०१३ मध्ये सर्फिंगवर बंदी आणावी लागली. तिथे राहून सर्फिंग करायचं असेल तर मी यंत्र घेईन. तारकर्लीत नाही.

तारकर्लीत, वेंगुर्ल्यात, गणपतीपुळ्यात, काशिदला मी जिला भितो ती पाण्याची ओढ. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरीला बेळगावचे आठ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडला पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतली चौदा मुलं गेली. दोन्ही वेळा आकाश निरभ्र होतं, पावसाळा लांब होता. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट चरातून जोरात आत ओढलं जातं. फसवी गोष्ट ही की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. तिथे सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम जातो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ संपली की लाटांबरोबर बाहेर या. सर्फरला एक सोय असते, बोर्ड तरंगतो. तो सोडू नये.

खाडीच्या मुखाशी, म्हणजे देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा जागी, ओहोटीच्या वेळी खेळूच नये. तिथे ओढ भयंकर, पाणी गढूळ, आणि बुल शार्क असलाच तर त्यालाही अशीच जागा आवडते. रापण ओढत असतील किंवा मासळी साफ करून आतडी पाण्यात टाकत असतील तिथून दूर राहा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत बाहेर या. या सवयींना पैसे पडत नाहीत, आणि शार्कविरुद्ध त्या मनगटी पट्ट्यापेक्षा नक्कीच जास्त कामाच्या आहेत.

पाकटाबद्दलही दोन शब्द. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या पन्नासहून जास्त लोकांना पाकटांचे काटे लागले होते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला. पाकट आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. २०१८ च्या पावसाळ्यात मुंबईत जुहूला दीडशेच्या आसपास लोकांना 'निळ्या बाटल्या' हे जेलीफिशसारखे निळे, विषारी जीव डसले. ते किनाऱ्यावर मेल्यासारखे पडलेले दिसले तरी हात लावायचा नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर

तुमची पोर शिकायला किंवा नोकरीला पश्चिम ऑस्ट्रेलियात निघाली असेल आणि तिथे लाटांवर जाणार असेल, तर यंत्राचा विचार करा. स्वतंत्र शास्त्रज्ञांनी यंत्रासह आणि यंत्राशिवाय चाचणी केलेलं विजेचंच यंत्र घ्या. कंपनीने स्वतः केलेली चाचणी मोजू नका. हृदयात पेसमेकर असलेल्याने ते वापरू नये. दर वेळी चार्ज केलंय का, पट्ट्या नीट चिकटलेल्या आहेत का, हे बघा. बंद यंत्र बोर्डाला लावून फिरणारे कमी नाहीत. आणि यंत्र आहे म्हणून एकट्याने किंवा कातरवेळी आत जाऊ लागलात, तर यंत्राने जेवढं कमावलं तेवढं तुम्ही घालवलंत.

त्यासोबत रक्त थांबवायला शिका. शार्कच्या चाव्याने माणूस मरतो तो बहुतेकदा रक्त वाहून. पायाला मोठी जखम असेल तर जखमीला किनाऱ्यावर आणून उताणं झोपवायचं, ज्या पायाला जखम आहे त्या बाजूच्या जांघेत, मांडी आणि पोट मिळतात तिथे मधोमध मूठ ठेवायची आणि हात ताठ करून सगळा भार टाकायचा. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर मोजून बघितलं, तेव्हा या दाबाने पायाकडे जाणारं रक्त सुमारे ९० टक्के थांबलं. बोर्डाची दोरी करकचून बांधल्यावर सुमारे ४४ टक्के. मदत येईपर्यंत दाब सोडायचा नाही. दमलात तर दुसऱ्याला बसवा. सिंधुदुर्गात जखमीला गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत न्यायचं म्हटलं तर बराच वेळ गाडीत जातो, आणि तो दाब गाडीतही चालू ठेवावा लागतो. बोटीच्या पंख्याने कापलेल्या पायाला, खडकावर फाटलेल्या मांडीला, महामार्गावरच्या अपघातालाही हेच लागू पडतं.